इथं कोणी राहत नाही

रविवारी प्रार्थनेला जाताना व्हर्डेल आयसमच्या पर्समध्ये बायबलच्या जोडीला एक पिवळं पडलेलं कार्ड असायचं. कार्डावर तिच्याच अक्षरात एक क्रमांक होता आणि त्याच्यापुढे एक शून्य. इतक्या वर्षांत पर्सा बदलल्या, बंद तुटले, अस्तरं फाटली, पण कार्ड या पर्समधून त्या पर्समध्ये जात राहिलं.

ती उजवीकडच्या मागून तिसऱ्या बाकावर बसायची. गाण्याचा पहिला जोर ओसरला की थॅडियस टीग मधल्या वाटेनं यायचा. चर्चमधल्या स्वयंसेवकांचा तो मुखिया. काळा सूट, पांढरे हातमोजे, उजव्या पायानं किंचित लंगडत. माणसं मोजायचं काम त्याच्याकडे होतं. ओठ न हलवता, तर्जनीनं हवेत एकेक डोकं टिपत तो पुढून मागे यायचा आणि मग वेदीशेजारच्या लाकडी पाटीवर आकडे सरकवायचा: आजची उपस्थिती, एकशे अठ्ठावन्न. आजची उपस्थिती, एकशे सत्तर.

ते पांढरं बोट जवळ आलं की बाकीच्या बायका पुठ्ठ्याचा पंखा थांबवून गोड हसायच्या. व्हर्डेल हसायची नाही. ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघायची आणि मनात म्हणायची, मोज. आज बरी दिसतेय तुला मी.

टीगला वाटायचं, बाई तापट आहे. जेवण बनवते मात्र छान.

व्हर्डेल सहा वर्षांची असताना आई ओझेलानं तिला मिसिसिपीहून आगगाडीनं शिकागोला आणलं. बरोबर एक ट्रंक आणि बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी. ओझेलानं कत्तलखान्यात आतडी धुतली, मग गोऱ्यांच्या घरी इस्त्री केली, मग हॉस्पिटलच्या फरशा पुसल्या. व्हर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि सत्तावीस वर्षं तिथंच राहिली. तिच्या कामात मोजणं आलंच. किती ट्रे गेले, किती आले, कोण दुसऱ्यांदा रांगेत उभं राहिलं. मुख्याध्यापिकेच्या हजेरीत तीनशे बारा मुलं असायची, व्हर्डेलच्या पळीत तीनशे वीस. एकदा मुख्याध्यापिकेनं त्यावरून तिला बोलावून घेतलं. व्हर्डेल म्हणाली, वरची आठ कुणाच्या तरी मावशीकडे, आत्याकडे येऊन राहिलेली आहेत. त्यांचे दाखले आलेले नाहीत, पण भूक आलीय. 

लग्न झालं, मोडलं, मूल झालं नाही. राहिल्या त्या दोघी, आई आणि लेक, शहराच्या दक्षिण अंगाला, विटांच्या एका तीन मजली इमारतीत.

चार रस्त्यांनी वेढलेल्या त्या चौकोनात एके काळी अकरा इमारती होत्या. काही जळल्या, काही पाडल्या, आणि जिथं माणसं झोपायची तिथं कमरेएवढं गवत माजलं. शेवटी एक इमारत उरली, बारा घरांची. तिच्यावरही नगरपालिकेनं लाल पाटी ठोकली होती की राहण्यास अयोग्य. तळमजल्याच्या खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या. पण मालक भाडं न्यायला येत होता आणि माणसं कुठं जाणार होती? ती राहत होती. कुणी भावाला घेतलं होतं, कुणी तुरुंगातून सुटलेल्या भाच्याला, कुणी चार पोरांसकट बहिणीला. एका चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मागच्या अंगणात सगळ्यांनी मिळून शेकोटीवर मांस भाजलं तेव्हा व्हर्डेलनं ताटल्या मोजल्या होत्या. एकेचाळीस.

इमारतीचा एक नियम होता आणि तो बोलायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असायचा. हातात पॅड किंवा खांद्याला पिशवी असलेला परका जिन्यात दिसला की बाराही घरांतले रेडिओ बंद व्हायचे. नगरपालिकेचा असो, कोर्टाचा असो की मदतखात्याचा. त्यानं दार ठोठावलं तर आतून एकच उत्तर: इथं कोणी राहत नाही.

कोपऱ्यावर एक दवाखाना होता. ओझेलाला साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. एक दिवसाआड ती काठी टेकत जाऊन पट्टी बदलून यायची. तिथली नर्स तिला खोकल्यावरून ओळखायची. ब्याण्णव साली दवाखाना बंद झाला. दारावर कागद चिकटवला होता की शेवटच्या शिरगणतीनुसार या भागात पुरेशी वस्ती उरलेली नाही.

व्हर्डेल तो कागद दोनदा वाचून वाचनालयात गेली. ग्रंथपालानं शिरगणतीचे जाड खंड काढून दिले, नकाशात तिचा चौकोन शोधला, चौकोनाचा क्रमांक शोधला आणि ओळीवर पट्टी धरली. लोकसंख्या: शून्य.

ती म्हणाली, मी तिथं राहते. ग्रंथपाल भला माणूस होता. त्यानं पुन्हा पट्टी धरून बघितलं आणि म्हणाला, पुस्तकाप्रमाणे नाही, बाई.

तिनं क्रमांक आणि शून्य कार्डावर उतरवून घेतलं.

त्यानंतर ओझेला दोन बस बदलून लांबच्या दवाखान्यात जायला लागली. फेब्रुवारीत एका सकाळी दुसऱ्या थांब्यावर ती बाकावर बसली ती उठलीच नाही. शेजारी उभ्या असलेल्यांना वाटलं, म्हातारीचा डोळा लागलाय. तीन बस आल्या, दारं उघडली, मिटली, गेल्या. चौथ्या बसच्या ड्रायव्हरनं खाली उतरून तिच्या खांद्याला हात लावला.

त्या चौकोनाची मोजणी कुणी केली हे शोधायला व्हर्डेलला कुठं जावं लागलं नाही. नव्वदच्या जुलैत सगळ्या रस्त्यानं बघितलं होतं. थॅडियस टीग तपकिरी गाडी झाडाखाली लावून, काचा उतरवून, स्टिअरिंगवर फॉर्म ठेवून लिहीत बसलेला असायचा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, बसूनच मोजलं असणार. व्हर्डेलनं त्याला कधी जाब विचारला नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, माफी मागेल, रडेलसुद्धा, आणि चर्चमधले सगळे म्हणतील, सिस्टर, आता सोड. तिला सोडायचं नव्हतं. तिनं डूख धरला आणि तोंड मिटलं.

दोन हजार साली ती निवृत्त झाली आणि त्याच वसंतात पुन्हा शिरगणती आली. तिनं परीक्षा दिली. उजवा हात वर करून शपथ घेतली की कामात कळलेलं जन्मभर कुणाला सांगणार नाही. तिच्या ओळीत तिच्यापुढे चार माणसं सोडून टीग उभा होता, हात वर करून, हातमोज्यांशिवाय. तिनं तो उघडा हात पहिल्यांदाच बघितला.

ज्यांनी टपालानं फॉर्म भरून पाठवले नव्हते त्यांच्या दारांवर माणसं जायची, सहा सहा वेळा. आणि त्या माणसांनी नीट काम केलं की घरी बसून आकडे रचले, हे बघायला त्यांच्या मागून फेरतपासणीचे लोक जायचे. सुपरवायझर रमोना पाचेको चाळिशीची, पायात कायम धावायचे बूट. तिनं व्हर्डेलची उत्तरपत्रिका बघून तिला फेरतपासणीवर घेतलं. तिसऱ्या आठवड्यात अडतीस फॉर्मचा गठ्ठा हातात दिला. वरच्या कोपऱ्यात कामगाराचं नाव होतं: थॅडियस टीग.

"ओळखीचे आहेत का हे?" रमोनानं विचारलं. ओळखीच्या माणसाचा गठ्ठा घेता येत नसे.

"चर्चमध्ये बघितलंय," व्हर्डेल म्हणाली.

"या शहरात चर्चमध्ये कुणी कुणाला बघितलेलं नसतं?" रमोना म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

व्हर्डेल प्रसाधनगृहात गेली, कोपरापर्यंत हात धुतले, जसे ती सत्तावीस वर्षं मोठ्या पातेल्याला हात घालण्याआधी धूत होती, आणि बाहेर पडली.

जूनच्या उन्हात ती दारोदार फिरली. तिला प्रत्येक दाराशी खोटं हवं होतं आणि प्रत्येक दाराशी टीगचं कौतुक ऐकावं लागत होतं. सकाळी मक्याचे वाफवलेले टमाले विकणाऱ्या एनेदिनाच्या घरात नऊ माणसं होती. टीगनं नऊ लिहिली होती. एनेदिना म्हणाली, म्हातारेबुवांनी पाळण्यात वाकून बघितलं, झोपलेल्या बाळालाही सोडलं नाही. पुढच्या रस्त्यावर एक लिथुआनियन विधुर होता. पन्नास साली सगळे गोरे उपनगरात पळाले तेव्हा हा मागे राहिला. "मी गाढव म्हणून राहिलो," तो म्हणाला, "आणि आता गाढव म्हणूनच मरणार. तुमचा तो लंगडा माणूस दोन तास बसला इथं. बायकोचा फोटो बघितला. म्हटलं, तिलाही लिहा. तर म्हणाला, साहेब, ती वारलीय. नियमाचा पक्का."

नायजेरियाहून आलेला एक टॅक्सीवाला वंशाच्या प्रश्नावर अडून बसला होता. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, "इथं काळा लिहिलंय. म्हणजे तुम्ही की मी? माझ्या आजोबांना कुणी विकलं नव्हतं. तुम्ही आणि आम्ही एक कधीपासून झालो?"

"पोलीस गाडी थांबवतो तेव्हापासून," व्हर्डेल म्हणाली.

टॅक्सीवाला हसायला लागला. "हेच तो म्हाताराही म्हणाला. शब्दाला शब्द. भाऊ-बहीण आहात काय?"

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. टीगनं तिच्या तोंडातला विनोदसुद्धा आधीच उष्टा करून ठेवला होता.

सदतीस फॉर्म बरोबर निघाले. शेवटच्या फॉर्मवर एका विटांच्या इमारतीचा पत्ता होता, तिसरा मजला, मागचं घर. पुढे टीगच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: रिकामं.

ती जिना चढली. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा रेडिओवर कुणीतरी गात होतं. तिनं दार ठोठावलं. रेडिओ बंद झाला.

"शिरगणतीकडून आलेय," ती म्हणाली.

आतून बाईचा आवाज आला. "इथं कोणी राहत नाही."

व्हर्डेल क्षणभर दाराकडे बघत राहिली. वाक्य ओळखीचं होतं, सुरासकट. मग तिला वास आला.

"बरं," ती म्हणाली. "मग जे कोणी राहत नाही त्याला सांगा, कॉलर्डची भाजी तळाला लागतेय."

आत पावलं धावली. झाकण आदळलं, नळ सुटला. मग शांतता, आणि शांततेत दाबलेलं हसू.

"पाणी घातलं," आवाज म्हणाला.

"हाड कशाचं घातलंय? डुकराचं?"

"टर्कीचं. मला रक्तदाब आहे."

"रक्तदाब आहे म्हणजे तुम्ही आहात."

साखळी वाजली. दार चार बोटं उघडलं.

तिचं नाव युला मेब्री. व्हर्डेलच्याच वयाची, डोक्याला रुमाल. घर भावाच्या नावावर होतं आणि भाऊ हिवाळ्यात वारला होता, मालकाला माहीत नव्हतं. आता तिथं युला, तिची मुलगी, जावई आणि चार नातवंडं अशी सात माणसं राहत होती. मालकाला कळलं तर सातही फूटपाथवर. व्हर्डेलनं तिला शपथेचं सांगितलं. हा कागद ना मालक बघणार, ना पोलीस, ना कोर्ट. बहात्तर वर्षं कुलपात राहणार. आणि माझ्याखेरीज तुमच्या दारात आता दुसरं कुणी येणार नाही.

"बहात्तर वर्षांनी मालकही नसेल आणि मीही," युला म्हणाली. "चालेल. लिहा."

व्हर्डेलनं सात लिहिले. मग विचारलं, याआधी कुणी आलं होतं का?

"एक म्हातारा. सहा खेपा घातल्या बिचाऱ्यानं, गुडघा धरून. शेवटच्या वेळी मी साखळीतून म्हटलं, ब्रदर, तुम्हाला तुमच्या आईची शपथ, कोणी नाही असं लिहा. बराच वेळ उभा राहिला. मग टोपी काढली आणि म्हणाला, ठीक आहे, बाई, कोणी नाही. देव त्याचं भलं करो."

व्हर्डेलनं पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

खाली जाताना ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली. फेरतपासणीच्या कागदाच्या तळाशी दोन चौकटी होत्या. एका चौकटीपुढे लिहिलं होतं: चूक, दुरुस्त केली. ती भरली तर सात माणसं कागदावर यायची आणि कुणाला काही विचारलं जायचं नाही. दुसरीपुढे लिहिलं होतं: कामगारानं जाणूनबुजून खोटी माहिती भरली. ती भरली तर माणूस त्याच दिवशी कामावरून जायचा. पण त्याआधी सुपरवायझरनं स्वतः त्या दारात जाऊन खात्री करायची असा नियम होता.

युलाला पाच मिनिटांपूर्वी दिलेला शब्द तिला आठवला. मग तिला बसथांब्यावरचं बाक आठवलं. दारं उघडून मिटून गेलेल्या तीन बस आठवल्या. तिनं पर्समधून दुसरी पेन्सिल काढली आणि दुसरी चौकट काळी केली. नीट, कडेपर्यंत, बाहेर न जाता.

गुरुवारी सकाळी ती रमोनाला घेऊन परत आली. रमोनाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, खांद्याला काळी पिशवी. बहुधा व्हर्डेलला पायरीवर बसून लिहिताना कुणीतरी वरून बघितलं असावं, किंवा कुणी आदल्या दिवशीच युलाला सांगितलं असावं की मोजणीवाले एकदा आले म्हणजे मागून दुसरे येतात. तिसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. गाद्या गेल्या होत्या. भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. शेगडीवर तेवढं एक पातेलं राहिलं होतं, जड होतं म्हणून, तळाशी भाजी सुकलेली.

रमोनानं खोल्या बघितल्या, कपाट उघडलं, लहान मुलाचा एक मोजा उचलला आणि खिडकीत ठेवला.

"मोजणीच्या दिवशी, पहिल्या एप्रिलला, इथं होते ना?"

"सात," व्हर्डेल म्हणाली.

"मग सात." रमोनानं सही केली. पायऱ्या उतरताना ती म्हणाली की कुठं गेले असतील सात जण एवढ्या घाईनं. व्हर्डेल पुढे उतरत राहिली. त्या दुपारी थॅडियस टीगची पिशवी आणि ओळखपत्र काढून घेतलं गेलं.

व्हर्डेलला वाटलं होतं, त्या दिवशी तिला झोप लागेल. पोट भरल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसती भूक वाढली. तो कामावरून गेला हे चर्चला कळायला हवं होतं आणि शपथेनं तिचं तोंड बांधलेलं होतं. पण तिला काही करावं लागलं नाही. रविवारी टीगनं स्वतःच पाळकाला सांगितलं की माझ्या हातून खोटा आकडा लिहिला गेला, मला काढलं. आणि पांढरे हातमोजे घडी करून पाळकाच्या टेबलावर ठेवले. त्या दिवशी पाटीवर आकडा लागला नाही.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण होतं. सगळे वर गेले तेव्हा व्हर्डेल मक्याच्या पावाचे करपलेले ट्रे खरवडत होती. टीग जिना उतरून आला. एकेक पायरी, कठड्याला धरून.

"सिस्टर आयसम," तो म्हणाला, "तो फॉर्म तुमच्याकडे होता."

"मला सांगता येत नाही. शपथ आहे."

"आहे. नका सांगू." तो बाकावर बसला. "मी परवा तिथं जाऊन आलो. दार उघडंच आहे. मी रिकामं लिहिलं होतं. आता ते खरं झालंय."

व्हर्डेलनं ट्रे खाली ठेवला. ओले हात एप्रनला पुसले, पर्स उघडली आणि कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं चष्मा लावला. क्रमांक बघितला, शून्य बघितलं. 

"हा माझा चौकोन होता," तो म्हणाला. "नव्वद साली."

"एकेचाळीस माणसं होती तिथं. माझी आई त्यातली एक. शून्यामुळे दवाखाना गेला आणि दवाखान्यामुळे ती गेली. तू गाडीत बसून लिहिलंस."

अहो-जाहोतून ती पहिल्यांदाच उतरली होती. टीगनं ते ऐकलं आणि मान हलवली, जणू ते त्याला मान्य होतं.

"लिहिलं गाडीतच. गुडघा तेव्हाच गेला होता, जिन्यात बसता येत नव्हतं. पण चढलो. बारा दारं, सहा सहा खेपा. सगळीकडे एकच उत्तर. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे एक बाई होती. तिनंही दार न उघडता तेच सांगितलं, इथं कोणी राहत नाही. मी म्हटलं, बाई, अहो तुम्ही तर आहात. तर म्हणाली, मीसुद्धा नाही." तो किंचित हसला. "दहा वर्षं झाली, पण विसरलो नाही. आत आणखी कुणीतरी हसत होतं."

दुसऱ्या मजल्यावर डावीकडे.

त्या जुलैत शाळेला सुट्टी होती. खिडकीत पंखा फिरत होता. ओझेलाचा पाय कोमट पाण्याच्या टबात होता आणि व्हर्डेल खाली बसून तिची टाच चोळत होती. दार वाजलं. तिनं मानही वळवली नव्हती. माशी हाकलावी तसं ते वाक्य तिच्या तोंडून गेलं. आणि मग दुसरं, आईला हसवायला. आई हसली होती. टबातलं पाणी फरशीवर सांडेपर्यंत हसली होती.

तळघरात नळ ठिबकत होता. व्हर्डेलनं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"आवाज आला होता ना तुला?" ती म्हणाली.

"आला होता."

"मग एक लिहायचं होतंस. एक तरी."

टीगनं चष्मा काढला. "मला वाटलं, लोकांना जे हवं ते लिहावं. तेव्हाही आणि आत्ताही. घाबरलेली माणसं होती, सिस्टर."

"आम्हाला काय हवं ते लिहायला तुला पाठवलं नव्हतं. मोजायला पाठवलं होतं. माणूस खोटं बोललं म्हणून ते नसतं होत नाही. हसणारी दुसरी होती, तिलाही लिहायचं होतंस. दोन झाले असते."

 टीगनं कार्ड बोटानं तिच्याकडे सरकवलं. उठला, कठडा धरला आणि वर गेला. व्हर्डेलनं कार्डावर उडालेलं पाणी एप्रननं टिपलं आणि ते परत पर्समध्ये ठेवलं. मग उरलेले ट्रे खरवडले. एका ट्रेचा पत्रा दिसेपर्यंत ती खरवडत राहिली.

ऑगस्टपासून मोजायचं काम ब्रदर हॉलिसकडे गेलं. धिप्पाड, घाईचा माणूस. बोट दाखवत नाही, बाकाबाकानं हनुवटी हलवत जातो. टीग आता डावीकडे चौथ्या बाकावर बसतो. मागे व्हर्डेल बसते तिथून त्याची मान दिसते, मानेवरची पांढरी लव दिसते, गाणं लागलं की डावीकडे कलणारं डोकं दिसतं. शेजारच्या बायका त्याला पेपरमिंट देतात. त्यानं एका गरीब कुटुंबासाठी खोटं लिहिलं हे कुठूनसं सगळ्यांना कळलंय, आणि त्यामुळे त्याचा मान कमी झालेला नाही, उलट वाढलाय. युला मेब्री कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. व्हर्डेलनं दोन-तीनदा त्या भागातल्या दुकानांत चौकशी केली. युलाचं नाव घेतलं की माणसं तिच्या पर्सकडे बघतात आणि म्हणतात, अशी इथं कोणी नाही.

रविवारी हॉलिस मोजत असतो तेव्हा व्हर्डेलही मोजते. मांडीवर ठेवलेल्या हाताची तर्जनी तेवढी हलते. पुढच्या बाकापासून सुरुवात करते. गायकवृंद, पाळक, म्हातारे, कडेवरची मुलं, दारातून उशिरा आत येणारे, कुणालाही सोडत नाही. डावीकडच्या चौथ्या बाकापाशी आली की तीन डोकी टिपते, बोट उचलते, आणि पलीकडच्या डोक्यावर ठेवते. मधलं एक राहतं. ते राहावं म्हणूनच ती मोजते. दर रविवारी, न चुकता, ती त्याला शून्य करते, आणि मग ताठ बसून पाटीकडे बघते.

पाटीवर एकशे त्रेसष्ट लागतात. तिचे एकशे एकसष्ट भरतात. दर वेळी हाच फरक, दोनाचा. पहिल्या रविवारी तिला वाटलं, हॉलिस धांदरट आहे. तिनं पुन्हा मोजलं, पुढून मागे, मागून पुढे. हॉलिस बरोबर होता. सुटलेला एक टीग होता. दुसरं कोण सुटलं म्हणून ती तेव्हापासून प्रत्येक बाकावर शोधते, मागच्या भिंतीपर्यंत, आणि बाहेर रोखलेल्या त्या बोटाला ते डोकं सापडत नाही.